घरपोच नोटरी म्हणजे नक्की कोण येतं घरी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात हल्ली "घरबसल्या नोटरी, एका तासात" अशा जाहिराती लिफ्टमधे, सोसायटीच्या ग्रुपवर, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर सगळीकडे दिसतात. आयडिया एकदम चांगली आहे, मी तिच्या बाजूनेच हे पत्र लिहितेय. पण जाहिरातीतून जे घरी येतं त्यात बहुतेक वेळा नोटरी नसतोच, फक्त त्याचा शिक्का येतो, आणि तोही आधीच मारलेला.

आमच्याकडचंच सांगते. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, घर सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. फ्लॅटवर कर्ज घ्यायचं होतं, फ्लॅटमधे त्यांचं नाव, त्यामुळे त्या सहकर्जदार. बँकेने दोन कागद मागितले, एक म्हणजे नावातल्या फरकाचं अॅफिडेव्हिट, कारण आधारवर एक स्पेलिंग आणि इंडेक्स टू वर (फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) दुसरंच, आणि दुसरं त्यांच्या मुलाच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे बँकेतल्या सह्या तो करेल. आता या बाईंना शिवाजीनगर कोर्टात कसं न्यायचं? तिथे पार्किंग मिळवणं हेच एक काम, मेट्रोने गेलं तरी स्टेशनपासून टेबलापर्यंत चालायचं आहेच, वॉकरवर.

म्हणून जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. आधार व्हॉट्सअॅपवर मागवून घेतलं आणि संध्याकाळी एक पोरगा आला, हेल्मेट हातातच, पाठीवर सॅक. फोल्डरमधून कागद काढला तर खाली गोल शिक्का, लाल सील, नोटरीची सही सगळं तयार, तारीख आदल्या दिवशीची! आणि वर छापलेलं की माझ्यासमोर सही केली. कोणासमोर? नोटरीसाहेब कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, "काकू, साहेब कुठं येतात, सगळे असंच करतात, आजींची फक्त इथं सही घ्या." आम्ही त्याला परत पाठवला. त्या पोराचा तसा काही दोष नाही म्हणा, तो डिलिव्हरीवाला. पण ज्याने कोरी सही आणि शिक्का त्याच्या हातात दिला तो किमान दहा वर्षं वकिली केलेला माणूस असणार (महिला आणि मागासवर्गीयांना सात वर्षं), कारण त्याशिवाय नोटरी म्हणून नेमणूकच होत नाही. याचा राग जास्त येतो.

नोटरी कायदा १९५२ चा, नियम १९५६ चे. नोटरीने रजिस्टर ठेवायचं, फीची पावती द्यायची, फीचे दर ऑफिसच्या आत आणि बाहेर दिसतील असे लावायचे, हे सगळं नियमात लिहिलेलं आहे. आणि बाहेर जाऊन काम केलं तर फीशिवाय प्रवासखर्च घेता येतो हेही आहे, म्हणजे नोटरीने घरी यायचं ही काही आत्ता अॅपवाल्यांनी काढलेली टूम नाही, नियम करणाऱ्यांनी ते आधीच धरलं होतं. दराची पाटी मात्र कोर्टाबाहेरच्या टेबलांवर मला तरी कुठे दिसली नाही. कोणी पाचशे सांगतं, कोणी चेहरा बघून सांगतं. त्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या स्टॅम्पचे पाचशे झाले, त्यामुळे मूळ खर्चच वाढला आणि एजंट लोक एकच मोठा आकडा सांगून मोकळे होतात, त्यात स्टॅम्प किती, नोटरी किती, त्याचा कट किती काही कळत नाही.

शेवटी शेजारच्यांच्या ओळखीने एक वकील नोटरी मिळाले, कोर्ट सुटल्यावर स्वतः आले. कापडी पिशवीत जाडजूड रजिस्टर, शिक्का, पॅड. आधी आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सासूबाईंशी एकट्याशी बोलले, दार उघडंच होतं म्हणून ऐकू आलं. बँकेचा ड्राफ्ट इंग्रजीत, तो त्यांनी मराठीतून समजावून सांगितला. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे घर माझ्या नावावरचं जाणार नाही ना?" त्यावर त्यांनी सरळ सांगितलं की नाव जात नाही, पण हप्ते थकले तर बँक या घरावर येऊ शकते, आणि तुम्ही सहकर्जदार आहात म्हणजे वसुलीला तुम्हालाही विचारतील. हे आम्ही घरच्यांनी त्यांना इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं, बँकेने तर नाहीच. मग त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, करा. हात थरथरत होता म्हणून सहीऐवजी अंगठा घेतला, दोन साक्षीदार घेतले, आधार ओरिजिनल बघितलं, रजिस्टरमधे नोंद करून तिथेही अंगठा घेतला आणि पावती दिली. प्रवासाचे पैसे वेगळे घेतले ते आनंदाने दिले. त्या एजंटच्या रेटपेक्षा फार जास्त झाले असंही नाही.

सासूबाईंनी नाही म्हटलं असतं तर? तो प्रश्न विचारायला एक त्रयस्थ माणूस समोर बसलेला असणं हाच तर नोटरीचा उपयोग आहे. म्हाताऱ्या माणसांच्या प्रॉपर्टीचे किती घोळ घरातल्याच लोकांनी सह्या घेऊन केलेले असतात हे पुण्यात कोणाला वेगळं सांगायला नको.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते, तिच्या घराचं लोन रिफायनान्स केलं तेव्हा रात्री जेवणानंतर नोटरी घरी आली, डायनिंग टेबलवर सगळे कागद पसरून एकेका पानावर सही. तिकडे नोटरी वकील असावा लागत नाही, पण जर्नल, म्हणजे नोंदींचं रजिस्टर, ठेवावंच लागतं आणि घराच्या गहाणखताला किंवा पॉवर ऑफ अॅटर्नीला जर्नलमधे अंगठ्याचा ठसा घ्यावा लागतो. फी एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर अशी कायद्याने बांधलेली, जाण्यायेण्याचे पैसे आधी ठरवून वेगळे. तिकडचं सगळं भारी असं मी म्हणत नाहीये, पण येणारा माणूस खरा नोटरी असतो एवढं तरी आहे.

आणि आपल्याकडे बाकीचं घरी येतंच की. रक्त घ्यायला लॅबवाले येतात, पोस्टमन पेन्शनरांचा हयातीचा दाखला दारात करून देतो, भाडेकराराचा अंगठा घ्यायला मशीन घेऊन माणूस घरी येतो. भाडेकरारावरून आठवलं, अजूनही काही जण "नुसतं नोटरी करा, स्वस्तात होतं" असं सांगतात, ते ऐकू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावंच लागतं, अकरा महिन्यांचं असलं तरी, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केलं तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदसुद्धा होऊ शकते. तसंच मृत्युपत्राला नोटरी लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. आणि दस्त नोंदणीला तुमच्याऐवजी कोणी हजर राहणार असेल तर त्यासाठी इथलं नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) चालत नाही, ते दुय्यम निबंधकांसमोरच (सब-रजिस्ट्रार) करावं लागतं. माणूस आजारी असेल तर दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, १९०८ च्या नोंदणी कायद्यात ती सोय आहे, पण तुम्ही स्वतःहून विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

बँकांचंही एक सांगायचंय. कर्जाच्या फाईलला कुठल्या कागदावर नोटरी लागणार याची यादी पहिल्याच दिवशी का देत नाहीत? आज अॅफिडेव्हिट, चार दिवसांनी सहीतल्या फरकाचं वेगळं डिक्लरेशन, मग अजून काही, प्रत्येक वेळी नवा स्टॅम्प. नोटरीला एकदाच घरी बोलवायचं असेल तर सगळे कागद एकदम हातात हवेत ना. आणि शिक्का आहे म्हणजे झालं, असं म्हणून फाईल पुढे ढकलू नका, रजिस्टरचा अनुक्रमांक, तारीख, नोटरीचं कार्यक्षेत्र एवढं तरी बघा.

नोटऱ्यांची यादी दरवर्षी जानेवारीत राजपत्रात छापायची असं कायद्यात आहे, पण राजपत्र कोण वाचतं. शिवाजीनगर कोर्टातल्या वकील मंडळींनी, जे नोटरी स्वतः घरी यायला तयार आहेत त्यांची भागवार यादी करावी, कोथरूड, हडपसर, सिंहगड रोड, वाघोली अशी, सोबत फी आणि प्रवासखर्चाचे दर, आणि ती गेटवर लावावी. तुमच्या पेपरने ती छापली तर मी पहिली कापून फ्रीजवर लावीन, आमच्या बिल्डिंगमधेच चार घरांना लागणार आहे.

आपली,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे