बॅकअप घेतला, पण तो परत येतो का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 या संगणक चालवणाऱ्या प्रणालीला मिळणारा नियमित आधार (म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यानंतर आमच्या सांगलीत ओळखीच्या अनेक घरांत जुने संगणक बदलण्याचे चालले आहे. दुकानात संगणक नेला की पहिले वाक्य ऐकू येते ते असे : "काका, आधी डेटाचा बॅकअप घेऊन ठेवा, नंतर आमच्याकडे मागू नका." बॅकअप कसा घ्यायचा, हे मात्र ना दुकानदार सांगतो, ना संगणकाच्या खोक्यातले माहितीपत्रक. माझ्यासारख्या ज्येष्ठांना आळस आहे किंवा नव्याची भीती वाटते, असे घरातली तरुण मंडळी म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे आणि तो इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा आम्हा कारकुनांपैकी कुणालाही त्यातले ओ की ठो कळत नव्हते, तरीही एकाही दिवसाचा बॅकअप चुकला नाही. याचे श्रेय कॅशियरच्या पिंजऱ्यामागे भिंतीवर खळीने चिकटवलेल्या एका पुठ्ठ्याला आहे. त्यावर सात ओळी होत्या : डे-एंड (दिवसाचे व्यवहार बंद करणे) झाल्यावर डेटा साठवणारी कोणती टेप घालायची, कोणती कळ दाबायची, पडद्यावर काय दिसले म्हणजे काम झाले, एक टेप तिजोरीत आणि दुसरी शेजारच्या शाखेत कुणी न्यायची. सातवी ओळ अशी होती की, महिन्याच्या पहिल्या शनिवारी टेपवरचा मजकूर दुसऱ्या संगणकावर उतरवून, कोणत्याही पाच खात्यांची शिल्लक ताडून रजिस्टरवर सही करावी. त्या वेळी ही सातवी ओळ मला निव्वळ जाच वाटत असे. तिचे मोल घरच्या संगणकाने शिकवले.

घरी संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने हार्ड डिस्कचे सी, डी आणि ई असे भाग पाडून दिले आणि "महत्त्वाचे सगळे डी मध्ये ठेवा, विंडोज उडाले तरी डी ला धक्का लागत नाही" असा सल्ला दिला. सल्ला खोटा नव्हता, पण तो विंडोज उडण्यापुरताच खरा होता. हे तीनही भाग एकाच डिस्कवर, म्हणजे एकाच कपाटाच्या तीन खणांसारखे असतात; कपाटालाच वाळवी लागली तर वरच्या खणातली साडी खालच्या खणात हलवून काय उपयोग? माझ्या परिचयातील किमान चार सुशिक्षित माणसे आजही सी मधले डी मध्ये ठेवण्याला बॅकअप समजतात.

हे कळल्यावर मी 32 जीबीचा पेन ड्राइव्ह आणला आणि दर महिन्याच्या एक तारखेला डेस्कटॉपवरची सगळी चित्रे (आयकॉन) त्यावर ओढून टाकू लागलो. काम मिनिटभरातच उरकत असे आणि संगणकाने कधी तक्रार केली नाही. आठ महिन्यांनी पुण्यात पुतण्याच्या घरी तो पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा एकही फाइल उघडेना. प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता आणि आकाराच्या रकान्यात 2 केबी, 1 केबी, पुन्हा 2 केबी. ते सगळे शॉर्टकट होते. म्हणजे दागिना नव्हे, तर दागिना कोणत्या डब्यात ठेवला आहे याची चिठ्ठी मी आठ महिने इमानाने जपत होतो. बँकेतली सातवी ओळ घरी पाळली असती, तर पहिल्याच महिन्यात ही गोष्ट उघड झाली असती.

पुतण्या म्हणाला, "काका, क्लाउडवर टाका की, तुम्हाला काही करावंच लागणार नाही." त्यानेच एक ऑनलाइन साठवणसेवा जोडून दिली आणि वर्षभर खरोखरच काही करावे लागले नाही. मग एके दिवशी जागा भरल्याची सूचना आली. मूळ फोटो घरच्या संगणकावर आहेतच, अशा समजुतीने मी मोबाइलवरून ऑनलाइन साठ्यातले जुने फोटो काढून टाकले. त्यात थोरल्या बहिणीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो होते. घरच्या संगणकावरूनही ते गेले, हे माझ्या लक्षात आले दुसऱ्या महिन्यात, आणि त्या सेवेच्या कचरापेटीत काढलेली फाइल 30 दिवसच राहते.

इथे दोष कुणाला द्यावा, हा प्रश्न बाजूला ठेवतो; ती कळ माझ्याच बोटाने दाबली होती. पण सिंक (दोन ठिकाणच्या फाइल आपोआप सारख्या ठेवणे, जे ती सेवा करत होती) आणि बॅकअप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला आमच्या भाषेत कुणी स्पष्ट सांगितले आहे का? सिंक हा आरसा आहे. आरशापुढे टोपी घातली की आतल्याच्याही डोक्यावर ती दिसते, आणि काढली की त्याचीही उतरते. बॅकअप हा काढून ठेवलेला फोटो आहे. नंतर तुम्ही टोपी हरवली तरी फोटोत ती राहते. पडद्यावर मात्र ढगाचे चित्र आणि 'तुमच्या फाइल सुरक्षित आहेत' हा दिलासा दोन्हीकडे सारखाच असतो.

शेवटी बाहेरून जोडायची 1 टीबीची हार्ड डिस्क घेतली. संगणकावर ती 931 जीबीच दिसली, तेव्हा मापात पाप आहे असे वाटून मी दुकानदाराशी हुज्जत घातली, याची आता लाज वाटते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत, इतकाच तो फरक आहे. त्याच सुमारास त्या 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर जवळजवळ सगळी जागा रिकामी असताना, मुलीच्या लग्नाची चित्रफीत 'फार मोठी आहे' म्हणून नाकारली जात होती. तो पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने आखलेला (फॉरमॅट केलेला) होता आणि त्या पद्धतीत 4 जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, हे समजायला मला दोन रविवार लागले. एक्सफॅट पद्धतीने पुन्हा आखल्यावर फाइल बसली. मात्र आखताना आत असलेले सगळे पुसले जाते, हेही आधी सांगणारे कुणी नव्हते.

मराठी लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे आणि इंग्रजीतले मार्गदर्शन तिचा उल्लेखही करत नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेची जुनी इतिवृत्ते मी युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची समाईक पद्धत) येण्यापूर्वीच्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केली होती. प्रत घेतली, ती नव्या संगणकावर उघडलीही, पण सभेच्या ठरावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसली, कारण फाँट जुन्या संगणकातच राहिला होता. ज्यांच्याकडे असे जुने मराठी लेखन आहे, त्यांनी त्या फाँटची फाइलही सोबत घ्यावी आणि जमल्यास मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रत कुठे ठेवायची, हे मात्र सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकदमच पाण्याखाली गेले. जाणकार मंडळी तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर, असा नियम सांगतात. आमच्या बँकेचा पुठ्ठा न बोलता बराचसा तेच करून घेत होता. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, हेही महत्त्वाचे आहे, कारण मे 2017 मधल्या वॉनाक्रायसारखी खंडणीखोर प्रणाली शिरली तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही ती कुलूपबंद करू शकते.

आपल्या दैनिकात नव्या मोबाइलची परीक्षणे नियमित येतात आणि ती मी वाचतोही. एखाद्या आठवड्यात त्या जागी कात्रीने कापून भिंतीवर लावता येईल असा पुठ्ठ्याएवढा मजकूर छापावा, अशी विनंती आहे : काय दाबायचे, काय दिसायला हवे आणि प्रत शाबूत आहे हे कसे ताडायचे. 31 मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. वर्षअखेरीच्या गर्दीचा हा दिवस ज्याने निवडला तो बँकेत नक्कीच नव्हता, पण वाचकांना आठवण देण्यासाठी तो चालेल. एमएस-सीआयटी शिकवणारी केंद्रे गावोगावी आहेत. त्यांनी वर्षातला एखादा शनिवार ज्येष्ठांसाठी ठेवला, तर पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर येणार नाही.

तोवर मी माझ्यापुरते एक कार्ड लिहिले आहे. एक तारखेला डिस्क जोडायची, फोल्डरच (बाणाचे चित्र नव्हे) ओढायचे, आकार दोन्हीकडे जुळतो का पाहायचे, पाच फाइल उघडून बघायच्या, डिस्क काढायची आणि ती मिरजेला मेहुण्यांकडे पोहोचवून आधीची परत आणायची. या सहा ओळी जमल्या. सातवी अजून कोरी आहे : नव्या विंडोज 11 च्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि बिघाड झाल्यास 48 अंकी किल्ली मागितली जाते म्हणतात, ती किल्ली माझ्या संगणकात कुठे सापडेल आणि मी ती कुठे लिहून ठेवावी, हे आपल्या एखाद्या जाणकार वाचकाने याच सदरातून साध्या मराठीत कळवावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली