प्रोजेक्ट दुसऱ्याच्या संगणकावर चालतो का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची धांदल आली की मुलं ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या छापील अहवालाच्या, बाइंडिंगसाठी धावतात. तेवढी काळजी आपल्या कोडच्या पॅकेजिंगची, म्हणजे तो दुसऱ्याच्या संगणकावरही बसेल अशी बांधणी करण्याची, कुणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

मी जमिनीच्या हिशेबांची सॉफ्टवेअरं करतो. लोक क्षेत्र बोलतात तसंच टाइप करतात: 'साडेतीन एकर', '२ एकर १० गुंठे'. ते वाचायला मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटी पार्सर कॉम्बिनेटर लायब्ररी लिहिली, म्हणजे मजकुराचे तुकडे ओळखणारी छोटी फंक्शनं जोडून मोठं वाक्य वाचणारा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा कोड. एक चिमुकलं फंक्शन आकडा ओळखतं, दुसरं 'एकर', तिसरं 'साडे'. ती एकमेकांना जोडली की साडेतीन एकराचे १४० गुंठे हातात येतात. 'दीड' आणि 'अडीच' तेवढे वेगळे सांगावे लागतात, कारण साडेएक, साडेदोन कोण म्हणतंय? देवनागरी अंक पायथनला मुळातच कळतात.

खरी कसरत त्यानंतरची. नाव, आवृत्ती, कुठलं पायथन लागेल, परवाना हे सगळं नोंदवावं लागतं. परवानाच नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी इतरांना तो वापरायचा हक्क मिळत नाही. पायपीआयवर, म्हणजे पायथनची पॅकेजं जिथून सगळे उतरवून घेतात त्या साइटवर, चढवलेली फाइल नंतर काढून टाकली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही; दुरुस्ती करायची तर आवृत्तीचा आकडा वाढवायचा. एककांच्या नावांची फाइल आपल्या संगणकावर असतेच, म्हणून घरी सगळं सुरळीत चालतं. ती पॅकेजमध्ये गेली नसेल तर दुसरीकडे प्रोग्रॅम आडवा. विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) सांगायचं राहिलं तर मराठीचा चुथडा होऊ शकतो, तो वेगळाच.

दुसऱ्या कुठल्या लायब्ररीवर विसंबणं मी मुद्दाम टाळलं. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट भाषेच्या पॅकेजांच्या अशाच साइटवरून) काढलं आणि जगभर कितीतरी प्रकल्प अडले होते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतातच. मुलांनी स्वतःच्या लॅपटॉपवर नव्हे, प्रयोगशाळेतल्या कोऱ्या संगणकावर प्रोजेक्ट बसवून त्यांना दाखवावा आणि त्याला निदान दहा गुण असावेत. गुण नसतील तर मुलं करणार नाहीत, आपण सगळे ओळखून आहोत. अभ्यास मंडळाने यासाठी नवा विषय काढू नये. ब्लॅक बुकचेच थोडे गुण इकडे वळवले तरी भागेल.

– एक प्रोग्रॅमर, राजारामपुरी, कोल्हापूर