बिल बंद झाले म्हणजे पैसे आले, असे नव्हे

संपादक महोदय,

रेस्टॉरंटमध्ये बिल चुकवताना वाद झाला की दोन्हीकडची उत्तरे ठरलेली असतात. ग्राहक म्हणतो, पैसे कापले गेले. काउंटरवरचा म्हणतो, आमच्याकडे आले नाहीत, बँकेला विचारा. बँकेची चूक कधी असतेही, पण बराचसा घोळ काउंटरवरच होतो. बिल एका यंत्रावर बनते, पैसे दुसऱ्याच यंत्रावर घेतले जातात आणि या दोघांमधला निरोप्या असतो ऐन गर्दीत दहा टेबले सांभाळणारा कॅशियर. पैसे देण्याचे प्रकार वाढले याला कोणी बोल लावू नये. प्रत्येक प्रकारासाठी बिलाच्या पडद्यावर एकेक बटण वाढवत नेले आणि त्या बटणामागे काहीच जोडले नाही, ही खरी अडचण आहे.

‘कार्ड’ हे बटण दाबले म्हणजे कार्डाने पैसे आले असे होत नाही. न जोडलेल्या यंत्रणेत ते बटण फक्त कॅशियरचे म्हणणे नोंदवते. रक्कम बिलावरून वाचून कार्ड मशीनवर पुन्हा टाइप करावी लागते आणि १४५० चे १५४० तिथेच होतात. रात्री ९० ची तफावत निघते. (हिशेबनिसांची जुनी युक्ती इथे कामी येते : तफावतीला ९ ने पूर्ण भाग गेला, तर शेजारचे दोन आकडे उलटे पडले असावेत असे समजून आधी तेच शोधावे.) बिलाच्या संगणकाने रक्कम थेट मशीनला पाठवावी, मशीनने निकाल परत पाठवावा आणि तो आला तरच बिल बंद व्हावे. निकालासोबत मंजुरीचा सहा अक्षरी कोड, व्यवहाराचा बारा अक्षरी संदर्भ क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे येतात. ते त्या बिलाला कायमचे जोडलेले राहिले पाहिजेत. पूर्ण कार्ड क्रमांक मात्र बिलाच्या संगणकात यायचे कारणच नाही. पीसीआय डीएसएस हे कार्ड कंपन्यांचे सुरक्षा नियम २००४ पासून आहेत. पिन आणि कार्डामागचा तीन आकडी कोड मंजुरीनंतर साठवायला त्यात साफ मनाई आहे. फोनवर ऑर्डर घेताना हे आकडे चिठ्ठीवर उतरवून काउंटरवर खोचून ठेवण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी.

सर्वांत नाजूक जागा वेगळीच आहे. कार्ड व्यवहाराचे निकाल दोन नसतात, तीन असतात : मंजूर, नामंजूर आणि ‘कळले नाही’. मशीनचा निरोप बँकेपर्यंत पोचला, बँकेने रक्कम धरली, पण उत्तर येताना लाइन तुटली, तर मशीन ठरावीक वेळ वाट पाहते आणि व्यवहार उलटवण्याचा, म्हणजे धरलेली रक्कम सोडून देण्याचा, निरोप तयार करते. तोवर ग्राहकाच्या फोनवर रक्कम वजा झाल्याचा मेसेज येऊन गेलेला असतो. मशीनवर मात्र ‘टाइम आउट’. दोघेही खरेच बोलत असतात. या क्षणी काउंटरवर दोनपैकी एक चूक होते. एक तर लगेच पुन्हा कार्ड मागितले जाते, नाहीतर ‘हे मशीन अडकलंय’ म्हणून ते बंद करून बाजूला ठेवले जाते आणि दुसरे पुढे येते. दुसरी चूक जास्त वाईट. उलटवण्याचा निरोप त्या पहिल्या मशीनच्या पोटात थांबलेला असतो. लाइन परत आली की पुढच्या व्यवहाराआधी ते तो पाठवते. मशीन खणात गेले की निरोपही खणात.

अशा वेळी पहिल्यांदा त्याच मशीनवर शेवटच्या व्यवहाराची पावती पुन्हा छापून घ्यावी आणि तिच्यावरची रक्कम नि वेळ पाहावी. व्यवहार मंजूर दिसला तर त्याच संदर्भ क्रमांकावर बिल बंद करावे, दुसऱ्यांदा कार्ड मागू नये. उलटलेला दिसला तर खुशाल पुन्हा घ्यावा, पण ग्राहकाला उलटल्याची पावती हातात देऊन. काहीच उलगडत नसेल तर व्यापारी खात्याच्या नोंदीत तो व्यवहार शोधावा आणि तोवर बिल ‘प्रलंबित’ ठेवावे. कित्येक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रलंबित’ हा पर्यायच नसतो. मग कॅशियर हाताला लागेल ते बटण दाबून मोकळा होतो. त्याला बोलण्यात काय अर्थ?

नामंजूर हाही एकच प्रकार नव्हे. मशीनवर येणारा दोन आकडी कोड आयएसओ ८५८३ या कार्ड व्यवहारांच्या निरोपांसाठी १९८७ पासून असलेल्या मानकातला असतो आणि त्यातले चार-पाच कोड काउंटरवरच्या प्रत्येकाला पाठ हवेत. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली, ५५ म्हणजे पिन चुकला. ९१ आला तर कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणाच उत्तर देत नाही, थोड्या वेळाने तेच कार्ड चालू शकते. ०५ मध्ये बँक नकाराचे कारण सांगत नाही, तेव्हा तेच कार्ड तीनदा घासून काही निघत नाही. पिन दोनदा चुकला की तिसरा प्रयत्न करण्याआधी ग्राहकाला सावध करावे, कारण बहुतेक कार्डे तिसऱ्या चुकीला अडतात. आणि ५१ आला तर तो चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवू नये. ‘दुसरं कार्ड देता का?’ एवढे पुरते.

टॅप करताना कार्ड मशीनच्या खुणेपासून ४ सेंटिमीटरच्या आत, आवाज होईपर्यंत स्थिर धरावे लागते. १३.५६ मेगाहर्ट्झच्या या लहरींना धातू मानवत नाही. म्हणून स्टीलच्या काउंटरवर आडवे ठेवलेले मशीन कधी वाचते, कधी वाचत नाही. खाली प्लास्टिकचा किंवा लाकडाचा स्टँड दिला की बऱ्याचदा ‘मशीन बिघडलं’ ही तक्रारच थांबते. पाकीट तसेच टेकवले तर आतली दोन कार्डे एकदम उत्तर देतात आणि मशीन एकच कार्ड दाखवा म्हणते. टॅपने घेता येणाऱ्या रकमेची मर्यादा ओलांडली की चिप घालून पिन मागितला जातो, हा नकार नव्हे. चिपचे कार्ड मागच्या चुंबकीय पट्टीने घासले तरी मशीन चिपच मागते, कारण पट्टीवरच्या तीन आकडी सेवा कोडची सुरुवात २ किंवा ६ ने होत असेल तर कार्डाला चिप आहे हे त्याला कळते.

फोनने टॅप केलेल्या पैशांचे एक वेगळे प्रकरण आहे. फोनमध्ये खरा कार्ड क्रमांक नसतो, त्या फोनपुरता दिलेला पर्यायी क्रमांक असतो. त्यामुळे पावतीवरचे शेवटचे चार आकडे हातातल्या प्लास्टिकच्या कार्डाशी जुळत नाहीत. परतावा द्यायच्या वेळी ‘हे कार्ड ते नव्हेच’ म्हणून वाद होतात ते यामुळे. परतावा त्याच फोनवर टॅप करून किंवा संदर्भ क्रमांकावरून करावा.

क्यूआरच्या बाबतीत नियम एकच : ग्राहकाच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नव्हे. तो पडदा कालचाही असू शकतो, बनावटही. आपल्या खात्यात जमा झाल्याचा निरोप आपल्याच यंत्रावर आला पाहिजे. काउंटरवर चिकटवलेला कायमचा कोड वापरला तर रक्कम ग्राहक टाइप करतो, चुकली तर चुकते. एकाच रकमेची दोन बिले पाठोपाठ आली तर कुठले पैसे कुणाचे हे कळायला मार्ग नसतो. शिवाय त्या कोडवर कोणी दुसराच कोड चिकटवून गेला तर दिवसभराची कमाई परक्याच्या खात्यात. मशीनच्या पडद्यावर प्रत्येक बिलासाठी नवा कोड निघावा, त्यात रक्कम आणि बिल क्रमांक दोन्ही असावेत, आणि तो काही मिनिटांत बाद व्हावा. छापील कोड ठेवायचाच असेल तर काचेखाली ठेवावा आणि रोज सकाळी स्वतःच्या फोनने तपासून नाव पाहावे.

रोखीला जुनाट समजून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची टूम निघाली आहे, पण वीज आणि लाइन दोन्ही गेल्यावर चालते ती तीच. बिलात ‘दिलेली रक्कम’ म्हणून बिलाचीच रक्कम टाकू नये. ग्राहकाने प्रत्यक्ष दिलेली टाकावी, म्हणजे परत किती द्यायचे हे यंत्र सांगते आणि नोंदही राहते. मोठी नोट आली की ती लगेच खणात सरकवायची नाही. सुटे ग्राहकाच्या हातात मोजून पडेपर्यंत ती ड्रॉवरच्या वरच्या कडेवर, दोघांना दिसेल अशी आडवी ठेवायची. ‘मी मोठी नोट दिली होती’ हा वाद मग टिकत नाही. रक्कम पूर्णांकात आणायची ती फक्त रोखीत, आणि तो फरक बिलावर वेगळ्या ओळीत यावा. कार्डावर पैशापैशापर्यंत तंतोतंत घेता येते, तिथे पूर्णांकाचे कारण नाही. ड्रॉवर उघडत नसेल तर किल्ली शोधण्याआधी प्रिंटर पाहा. बहुतेक ठिकाणी ड्रॉवर संगणकाला नव्हे, पावतीच्या प्रिंटरला जोडलेला असतो. पावतीसोबत प्रिंटर बहुधा २४ व्होल्टचा झटका देतो आणि खटका सुटतो. कागद संपून प्रिंटर थांबला की ड्रॉवरही रुसतो. विक्रीविना ड्रॉवर उघडण्याच्या प्रत्येक वेळेची नोंद व्हायलाच हवी. जेम्स रिटी या अमेरिकी बारमालकाने १८७९ मध्ये रोकड यंत्र बनवले ते नोकर गल्ल्यातले पैसे लांबवतात म्हणूनच. ते दुखणे अजून बरे झालेले नाही.

रेस्टॉरंटची खास डोकेदुखी म्हणजे वाटून दिलेले बिल. १००० चे तीन समान भाग केले की ३३३.३३ चे तीन मिळून ९९९.९९ होतात. ०.०१ बाकी राहते आणि काही यंत्रणा बिल बंद करायला नकार देतात. उरलेला अंश शेवटच्या भागात घालणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे, कॅशियरचे नव्हे. आणि एकाच बिलावर भेटकार्ड, कार्ड आणि रोख असे तिन्ही येत असतील तर ते याच क्रमाने घ्यावेत. भेटकार्डात किती शिल्लक आहे हे ते वापरेपर्यंत नक्की नसते. कार्ड नाकारले जाऊ शकते, किंवा १० हा कोड येऊन मागितलेल्यातली काहीच रक्कम मंजूर होते. तो कोड ‘मंजूर’ समजून अख्खे बिल बंद केले की उरलेली रक्कम बुडालीच. रोख शेवटी घेतली की जे काही उरले ते तिच्यात मावते. आधी रोख घेऊन नंतर कार्ड अडले तर गल्ल्यातून पैसे परत काढायची वेळ येते.

भेटकार्ड आणि सवलतीचे कूपन एकाच बटणाखाली टाकणारे महाभागही आहेत. भेटकार्ड म्हणजे आधीच मिळालेले पैसे, ते पैसे देण्याचा प्रकार म्हणून नोंदवायचे. कूपन म्हणजे बिलच कमी करणे, ते पैसे घेण्याच्या आधी, रक्कम ठरताना लागते. दोन्ही मिसळली की विक्रीचा आकडाही चुकतो आणि कराचाही. टिपही विक्रीत मिसळू नये. चिप आणि पिनच्या व्यवहारात पिन टाकण्याआधी रक्कम पक्की होते, तेव्हा टिप मशीनवर आधीच विचारली गेली पाहिजे.

परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जावा. कार्डाने घेतलेले रोख परत दिले आणि ग्राहकाने नंतर बँकेकडे दावा लावला, तर रेस्टॉरंटला दोनदा फटका बसतो. त्या दिवसाची बॅच (मशीन बँकेकडे एकत्र पाठवते तो दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा) बंद होण्याआधी व्यवहार सरळ रद्द करता येतो, नंतर मात्र वेगळा परतावा करावा लागतो आणि त्याला काही दिवस जातात. हे काउंटरवरच सांगितले तर ग्राहक दुसऱ्या दिवशी तावातावाने फोन करणार नाही. लाइन नसताना मशीनमध्ये साठवून नंतर पाठवलेले व्यवहार बँकेने नाकारले तर नुकसान व्यापाऱ्याचे. म्हणून त्यासाठी रकमेची कमाल मर्यादा ठरवून ठेवावी.

बॅचवरून आठवले. मशीन रात्री ११ वाजता आपोआप बॅच बंद करते आणि रेस्टॉरंट १ पर्यंत चालते, अशा ठिकाणी हिशेब कधीच जुळत नाही, मग कॅशियर कितीही चोख असो. बॅचची वेळ शेवटच्या बिलानंतरची ठेवून घ्यावी. ती बदलून देणे मशीन पुरवणाऱ्याच्या हातात असते. ताळा प्रत्येक प्रकाराचा वेगळा घ्यावा आणि रोख मोजणाऱ्याला अपेक्षित आकडा आधी दाखवू नये. बँकेत जमा होणारी रक्कम शुल्क वजा होऊन येत असेल, तर ते शुल्क खर्चात वेगळे लिहावे. विक्री कमी दाखवून आकडे जुळवू नयेत.

ग्राहकांनीही एक मागावे : छापील बिलावर पैसे कोणत्या प्रकाराने, प्रत्येकी किती आणि कोणत्या संदर्भ क्रमांकाने दिले, हे वेगवेगळ्या ओळींत असावे. कार्ड मशीनची चिटोरी थर्मल कागदाची असते आणि उन्हात किंवा गरम गाडीत ठेवली की पुसट होते. तिचा फोटो काढून ठेवलेला बरा.

आपला,
बिलिंग यंत्रणांच्या क्षेत्रातील एक वाचक