‘लेन्स ओके’ एवढ्याने भागत नाही, मोजमाप लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-साताऱ्याकडे लग्नसराईच्या आणि यात्रांच्या कामावर घर चालवणारे अनेक छायाचित्रकार आज दीड-दोन लाखांची लेन्स हप्त्यावर घेतात. वॉरंटीत असतानाच तिचा ऑटोफोकस चुकायला लागला, की ती कुरिअरने पुण्या-मुंबईला जाते आणि पुष्कळदा ‘तपासली, दोष आढळला नाही’ या एका ओळीवर परत येते. फोकस किती चुकत होता, कोणत्या अंतरावर, झूमच्या कोणत्या टोकाला, यातला एकही आकडा त्या कागदावर नसतो. माझी तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे. ऑटोफोकसची चूक मोजता येते, आणि ती मोजल्याशिवाय ना गिऱ्हाइकाला दाद मागता येते, ना कारागिराला नेमका दोष धरता येतो.

ही चूक दिसायला फार लहान असते. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवर ८५ मिमीची लेन्स एफ १.४ ला, म्हणजे ॲपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) मोठे उघडे ठेवून, दोन मीटरवरच्या नवरीचा फोटो काढला, तर स्पष्टतेचा पट्टा साधारण साडेचार सेंटीमीटरचा मिळतो. फोकस तीन सेंटीमीटर मागे गेला, की पापण्या मऊ येतात आणि मुंडावळ्यांचे मोती लख्ख. एफ ५.६ ला तोच पट्टा अठरा सेंटीमीटरच्या आसपास जातो, त्यामुळे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किटच्या लेन्सवर तेवढीच चूक कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय महागड्या लेन्समध्ये मोटरला मोठ्या, जड काचा सरकवाव्या लागतात. काही लेन्समध्ये तर फोकससाठी काचांचे दोन गट एकमेकांच्या मेळाने हलतात. किंमत वाढते तशी चुकीला उरलेली जागा कमी होते, हे विकत घेताना दुकानात कुणी सांगत नाही.

तपासणीला महागडा चार्ट नको. आपल्याच दैनिकाचे छोट्या जाहिरातींचे पान भिंतीवर सपाट चिकटवा. शेजारी, पानाच्या पातळीवर मध्य येईल अशी एक फूटपट्टी ४५ अंशांत तिरपी लावा. कॅमेरा ट्रायपॉडवर, सेन्सर भिंतीला समांतर, अंतर फोकल लांबीच्या पन्नासपट: ५० मिमीला अडीच मीटर, ८५ ला सव्वाचार, २०० ला दहा. ॲपर्चर पूर्ण उघडे, सिंगल फोकस, मधला एकच बिंदू, स्टॅबिलायझर (हाताचा हलका कंप सावरणारी यंत्रणा) बंद, दोन सेकंदांचा टायमर. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम घालवायचा, पाच वेळा जवळच्या टोकाला आणि पाच वेळा अनंताकडे. असे दहा फोटो झाले की अकरावा फोटो पडद्यावर चित्र दहापट मोठे करून हाताने फोकस लावून काढायचा. बाकीचे दहा त्याच्याशी ताडून पाहायचे. पट्टीवर फोकस जितका पुढे-मागे दिसेल, त्याला १.४ ने भागले की खरी चूक सेंटीमीटरमध्ये मिळते. झूम लेन्स असेल तर हे सगळे तिन्ही ठिकाणी करावे: वाइड, मध्य आणि टेली.

आता निकाल वाचायचा. दहाही फोटो एकाच बाजूला, जवळपास सारखेच चुकले असतील तर तो जुळणीचा प्रश्न आहे. आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, खाली बसवलेला असतो, त्यामुळे बॉडी आणि लेन्स या जोडीत असा फरक पडतो. कॅनन आणि निकॉनच्या वरच्या श्रेणीच्या बॉडींमध्ये २००७ पासून अधिक-उणे २० पायऱ्यांची दुरुस्ती मेन्यूतच मिळते. मात्र दहा फोटोंत चार बरोबर, तीन पुढे आणि तीन मागे असा विस्कळीत निकाल आला, तर त्या पायऱ्यांचा काही उपयोग नाही. तिथे मोटर, स्थान सांगणारा सेन्सर किंवा लेन्सच्या नळीतला ढिलेपणा यांपैकी काहीतरी बिघडले आहे. अकराव्या फोटोतही पानाची डावी बाजू धारदार आणि उजवी मऊ असेल, तर काच तिरपी बसली आहे, आणि त्याचा ऑटोफोकसशी संबंध नाही. ‘फोकस प्रॉब्लेम’ या दोन शब्दांत हे तिन्ही दोष एकत्र कोंबले जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बिघाड होतो कुठे, तेही सांगतो. कॅननने १९८७ मध्ये ३०० मिमी एफ २.८ लेन्समध्ये कडीच्या आकाराची अल्ट्रासॉनिक मोटर आणली. त्याच तत्त्वाची मोटर पुढे बहुतेक कंपन्यांच्या वरच्या लेन्समध्ये आली. तिच्यात दोन कड्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. खालच्या कडीला पिझो सिरॅमिक (वीज मिळताच आकार बदलणारे सिरॅमिक) चिकटवलेले असते. वीज मिळाली की तिच्यात सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने उठतात आणि वरची कडी निव्वळ घर्षणावर सरकते. त्या दोन कड्या दात्यांनी एकमेकींत अडकलेल्या नसतात. म्हणून तिथे तेलकट धूळ गेली की पकड सुटते: आधी बारीक किंचाळल्यासारखा आवाज, मग फोकस अडखळणे, मग हाताने रिंग थोडी फिरवल्यावरच मोटर सुटणे. असा आवाज येतो म्हणून रिंगच्या फटीत तेलाचा फवारा मारणारे लोक आहेत. कृपा करून मारू नका. घर्षणावर चालणाऱ्या मोटरला तेल म्हणजे कायमची रजा, आणि तेच तेल पुढे ॲपर्चरच्या पात्यांवर पसरते.

चोवीस-सत्तरसारख्या (२४ ते ७० मिमी) झूम लेन्सना आपल्या भागात एक खास शत्रू आहे, तो म्हणजे भंडारा. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत आणि घरोघरच्या हळदीत उधळली जाणारी पूड अत्यंत बारीक असते आणि हळदीत अंगचेच तेल असल्यामुळे ती चिकटून बसते. लांब होणारी झूम नळी आत-बाहेर करताना भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर पूडही. उघडलेल्या लेन्समध्ये ती झूमच्या खाचांत पिवळ्या लेपासारखी सापडते. खाचांतून फिरणारे नायलॉनचे छोटे रोलर त्या लेपावर घासून झिजतात आणि नळी हलू लागते. तिथून फोकस विस्कळीत होतो. अशा ठिकाणी शक्यतो प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स वापरा. झूमच हवी असेल तर पावसाचे कव्हर घाला आणि समोर चांगला फिल्टर लावा, कारण काही लेन्सचे सीलिंग फिल्टर लावल्यावरच पूर्ण होते, हे उत्पादकच सांगतात. घरी आल्यावर लेन्स तोंड खाली करून आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कापड. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा फटीत मारली तर बाहेरची पूड आत जाऊन बसते.

झूमच्या एखाद्याच टप्प्यावर फोकस बंद पडत असेल, किंवा बॉडी ‘लेन्सशी संपर्क नाही’ असा एरर देत असेल, तर आत वाकणारी पट्टी केबल तडकल्याचा संशय घ्यावा. त्याआधी मागचे संपर्कबिंदू पुसून पाहा: कॅमेरा बंद, लेन्स काढलेली, धागे न सुटणारे कापड आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. खोडरबर घासू नका, मुलामा निघतो आणि चुरा माउंटमध्ये पडतो.

नव्या मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये बहुधा लिनिअर किंवा स्टेपर मोटर असते. त्यांतल्या काही लेन्स कॅमेरा बंद असताना हलवल्या तर आत खडखडतात. वीज नसताना फोकसच्या काचांचा गट मोकळा राहतो, हा दोष नव्हे. पण यातल्या बहुतेक लेन्सची फोकस रिंग मोटरलाच हुकूम देते, काचेला थेट जोडलेली नसते. त्यामुळे मोटर गेली की हाताचा फोकसही जातो. मुहूर्ताच्या वेळी हे कळून उपयोग नाही, म्हणून दुसरी लेन्स जवळ असलीच पाहिजे.

सगळा दोष लेन्सचाच असतो असेही नाही. अंतर मर्यादेचा स्विच चुकीच्या टोकाला असणे, टेलीवर हलक्या प्रतीचा यूव्ही फिल्टर असणे, मंडपातल्या गडद लाल-निळ्या एलईडीत चेहऱ्यावर कॉन्ट्रास्टच नसणे, ही कारणे नेहमी सापडतात. मायणीच्या तलावावर किंवा माणच्या माळावर दुपारी लांबच्या पक्ष्यावर ६०० मिमी लावली, तर तापलेल्या हवेच्या लाटांवर कोणतीही लेन्स फोकस शोधत राहील. आणि महाबळेश्वर-कोयनेच्या पावसाळ्यानंतर काचेवर बुरशी धरलेली असेल तर ती मोटरच्या माथी मारू नये. कपाटात आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवली की ती टळते.

दोष दाखवून दिला तर उत्पादक मान्य करतात, याचे दाखले आहेत. २००७ मध्ये कॅननने आपल्या वन-डी मार्क थ्री या महागड्या बॉडीतील आतल्या आरशाची ऑटोफोकसला बाधणारी तक्रार मान्य करून मोफत दुरुस्ती दिली. २०१२ मध्ये ४० मिमी एफ २.८ लेन्सच्या नळीवर दाब आल्यास ऑटोफोकस थांबतो, हे जाहीर करून फर्मवेअर (लेन्समधला प्रोग्राम) सुधारून दिले. असा कबुलीजबाब येतो तो मोजमापांच्या आणि नमुना फोटोंच्या आधारावर. म्हणून लेन्स पाठवताना सोबत बॉडी, दहा फोटोंच्या मूळ रॉ फाइल असलेले कार्ड आणि ‘२०० मिमी, दहा मीटर, दहापैकी सहा चुकले, तीन पुढे, तीन मागे’ असा लेखी तपशील द्यावा. पाठवण्याआधी अनुक्रमांकाचा फोटो घ्यावा. स्टॅबिलायझर बंद करून दोन-तीन सेकंद थांबून मगच लेन्स बॉडीवरून काढावी, नाहीतर स्टॅबिलायझरच्या काचांचा गट मोकळा राहतो आणि वाटेत आपटतो.

कायद्याची बाजूही छायाचित्रकारांनी ध्यानात घ्यावी. ‘तुम्ही धंद्यासाठी लेन्स घेतली, तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगून अनेकांना गप्प बसवले जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरलेली नाही. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. मात्र जीएसटी बिल आणि भारतातले वॉरंटी कार्ड हवे. चार-पाच हजार वाचवण्यासाठी बिलाशिवाय घेतलेल्या ग्रे (अधिकृत आयातदाराबाहेरून आलेल्या) मालाला यातले काहीही लागू करून घेणे कठीण.

विक्रेत्यांकडे आमचे मागणे आहे, की लाखाच्या वरच्या लेन्सला पैसे भरण्याआधी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या बॉडीवर अर्धा तास वरची चाचणी करू द्यावी. अधिकृत सेवा केंद्रांनी जॉबशीटवर दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे मोजमाप, तपासलेले अंतर व फोकल लांबी, बदललेल्या भागाचे नाव लिहावे आणि काढलेला भाग परत द्यावा. दोष आढळला नसेल, तर तो कोणत्या चाचणीत आढळला नाही तेही लिहावे. सांगली आणि सातारा येथे कंपन्यांनी निदान आठवड्यातून एक दिवस लेन्स स्वीकारण्याची सोय करावी आणि ताबा घेताना गिऱ्हाइकासमोर चाचणीचे दहा फोटो काढून तेच जॉबशीटला जोडावेत.

आपला,
कॅमेरा दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, सांगली