सत्कार नको म्हणालात, म्हणून हे पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये बालवाडीतल्या मुलांच्या निरोपाच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करायचं आम्ही बायांनी ठरवलं होतं. तुम्ही ऐकलंत आणि हात जोडलेत. "या उनात शाल पांघरू का बाई? नारळ द्या, चटणीला होईल." नारळ पोचला. राहिलेले आभार पत्रातून मानते आहे. तेही जाहीर, कारण नागपुरातल्या मानेवाड्याच्या आपल्या गल्लीबाहेरही कितीतरी बालवाड्या आहेत. त्यांच्या शेजारी तुमच्यासारखं कुणीतरी राहत असणार, आणि तिथल्या बाईंनी अजून त्यांच्या फाटकाची कडी वाजवली नसणार.

आमची बालवाडी म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. भिंतीवर फळांचे तक्ते, कोपऱ्यात ठोकळे, आणि अंगण नाही. तीन-चार वर्षांचं मूल जे काही विचारतं त्यातलं निम्मं जमिनीवर, मातीत, पाण्यात असतं. आमच्याकडे ते सगळं तक्त्यावर होतं. तुम्ही कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले, अंगणात एक संत्र्याचं झाड आणि पाण्याची टाकी. "पोट्टे रोज फाटकातून डोकावतात, आत पाठवा ना त्यांना," असं तुम्हीच म्हणालात. मग माळ्यावरून एनॅमलचे जुने ट्रे निघाले, भिंगं निघाली, एक तराजू निघाला. सुताराकडून पोरांच्या उंचीचं बाकडं करून घेतलंत, त्याचे पैसे आजपर्यंत सांगितले नाहीत.

पण वस्तूंबद्दलचे आभार इथेच संपवते. खरं सांगायचं आहे ते मुंग्यांबद्दल.

पावसाची उघडीप होती, टाकीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. एका पोरानं विचारलं, "आबाजी, ह्या एकामागं एक काहून जातात?" माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मुंग्या पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथींतून जमिनीवर गंधाची खूण सोडत जातात आणि मागच्या मुंग्या मिशांनी ती हुंगत येतात, हे मी डी.एड.च्या आधीपासून वाचलेलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मी गप्प राहिले. मग त्या पोराला विचारलंत, "तुले काय वाटते?"

एक म्हणाला, पुढे त्यांची मॅडम आहे. दुसरी म्हणाली, त्यांना रस्ता दिसतो. तिसऱ्याचं म्हणणं, त्या एकमेकींचा हात धरून चालतात. कुठल्याच म्हणण्याला तुम्ही हसला नाहीत, 'शाब्बास'ही म्हणाला नाहीत. मॅडमवाल्याला मऊ कुंचला दिलात आणि सगळ्यात पुढची मुंगी हळूच बाजूला करायला सांगितलीत. रांग चालूच राहिली. हातवाल्याला भिंग दिलंत. त्यानं पोट जमिनीला लावून पाहिलं आणि मान्य केलं की मधे जागा आहे, हात धरलेला नाही. दिसतं म्हणणारीसाठी रांगेच्या वाटेवर कागदाचा तुकडा ठेवलात. आधी मुंग्या गडबडल्या, मग हळूहळू कागदावरून ये-जा करू लागल्या. बऱ्याच वेळानं तो कागद तुम्ही जागच्या जागी फिरवलात. "आता कुठं जातील?"

मुंग्या कागदावरच्या जुन्या वाटेनंच गेल्या. कागदाच्या कडेला पोचल्या, तिथे पुढे वाटच नव्हती, आणि तिथेच घोटाळत राहिल्या. समोर वीतभर अंतरावर बाकीची रांग दिसत होती, तरीही. ती मुलगी कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग कागदाला नाक लावलं आणि म्हणाली, "वास येत असन त्यायले. मले नाही येत."

चार वर्षांची पोरगी, काका. घंटा होऊन गेली होती, डबे खायचे राहिले होते, आणि मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर मी तुमचं बोलणं लक्ष देऊन ऐकायला लागले. मुलांचे बहुतेक प्रश्न कारण विचारणारे असतात, आणि कारण हाताला लागत नाही. तुम्ही त्याच प्रश्नाला थोडं वळवता: पुढची काढली तर काय होईल, कागद फिरवला तर कुठं जातील, ओलं जास्त गार लागते की कोरडं. एवढं वळवलं की मुलाला काहीतरी करता येतं, आणि केल्यावर काहीतरी दिसतं. आम्हाला प्रशिक्षणात 'कृतियुक्त शिक्षण' म्हणून जे शिकवलं जातं त्यात कृती बाईंनी आधीच ठरवलेली असते, निकालही ठरलेला असतो. मुलं फक्त ती पार पाडतात. तुमच्याकडे निकाल ठरलेला नसे, निदान मुलांसाठी तरी.

मी तुम्हाला एकदा मोबाइलवर एका अमेरिकन अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं होतं, आठवतं? २०११ सालचा, बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचा. एक नवंच खेळणं बनवलेलं, त्यात चार गंमती लपवलेल्या: एक नळी ओढली की आवाज येई, कुठे दिवा लागे, कुठे सूर वाजत, कुठे आरसा. काही मुलांना मोठ्या माणसानं शिकवण्याच्या थाटात आवाजाची गंमत दाखवली. ती मुलं तेवढंच करत बसली. ज्यांना असं शिकवलं नव्हतं त्यांनी बाकीच्या गंमती जास्त शोधल्या. मूल धरून चालतं की बाईंनी एवढंच दाखवलं म्हणजे एवढंच असेल. मला ते वाचून धसका बसला होता, की आता शिकवायचंच नाही की काय! तुम्ही म्हणालात, "भिंग कसं धरायचं ते दाखवा. भिंगातून काय दिसते ते सांगू नका." माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवलंय.

आणि काही गोष्टी तुम्ही सरळ सांगतच होतात. कूलरला हात लावायचा नाही, टाकीवर चढायचं नाही, विंचू दिसला की मागे सरून मोठ्याला हाक मारायची. तिथे 'तुले काय वाटते' नव्हतं. मुलांना सगळंच शोधू द्यावं म्हणणाऱ्या लोकांचं मला जरा नवलच वाटतं. त्यांनी नागपुरी उन्हाळ्यात वायर उघडी पडलेल्या कूलरशेजारी वीस पोरं सांभाळून पाहावीत.

संत्र्यांचा खेळ मात्र पालकांमुळे गाजला. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री आली तेव्हा तुम्ही टबात एक आख्खं सोडलंत, ते तरंगलं. सोललेलं सोडलंत, ते बुडालं. आपल्या संत्र्याची साल सैल, पोकळ, तिच्यात हवा राहते, म्हणून आख्खं संत्रं वर राहतं. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते पाण्यात सोडून कधी कुणी पाहिलं होतं आमच्यापैकी! आई-बाबांना दाखवायला म्हणून आम्ही तोच प्रयोग पालकसभेत ठेवला, आणि सभेत नेमकं एक सोललेलं संत्रं तरंगायला लागलं. मला घाम फुटला. तुम्ही मात्र खुश. मुलांनी ते फोडलं, मधली पोकळी बोट घालून पाहिली, बुडालेल्याशी ताडून पाहिली, ह्याची मोठी निघाली. "म्हणूनच तरंगलं का?" एका बाबांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "असू शकते. अजून पाच-दहा सोलून पाहावे लागतील." त्या संध्याकाळी गल्लीतल्या बऱ्याच घरांत बादलीत संत्री पडली असं दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याच सभेत वह्यांचा विषय निघाला होता. शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये नर्सरीतच शंभरपर्यंत अंक लिहून घेतात, आमची पोरं मुंग्या पाहतात, हे आम्ही बाया दर वर्षी ऐकतो. माझ्याजवळ कागद होते: २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळाला आणि शोधाला मध्यवर्ती जागा आहे. आणि हे काही दिल्लीहून आलेलं नवं खूळ नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य. मी हे सगळं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. पण मतं पालटली ती तुम्ही एका मुलाला बोलावून त्यानं काढलेला कागद दाखवायला लावलात तेव्हा. सकाळी नऊची सावली, साडेदहाची सावली, साडेअकराची सावली, अंगणात खडूनं आखून मग सुतळीनं मोजून कागदावर उतरवलेली. कुठली लांब, कुठली आखूड, किती वीत, सगळं त्याला सांगता येत होतं. "हे अंकच आहेत ना साहेब?" एवढंच तुम्ही म्हणालात.

सावल्यांवरून आठवलं. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यात. जुलैत ढग असतात. मे मध्ये शाळा बंद. तरी २६ मेला जी पोरं गावाला गेली नव्हती त्यांना टोप्या घालून दुपारी बाराला अंगणात गोळा केलंत, आणि बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उभ्या ठेवलेल्या तांब्याची सावली नाहीशी झाली. एक पोरगं तांब्या उचलून खाली पाहत होतं, सावली तिथे लपली का म्हणून. पाच मिनिटांत सगळ्यांना आत घेऊन पन्हं दिलंत. ते पन्हं काकूंनी केलेलं, त्यांचेही आभार.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होते. ज्या पोराची आजी गेली, त्यानं तुम्हाला विचारलं होतं की ती कधी येणार. त्या दिवशी तुम्ही त्याला काय वाटते हे विचारलं नाहीत. मांडीवर घेतलंत आणि सांगितलंत की ती येणार नाही, मेलेलं माणूस परत येत नाही, आणि आपल्याला फार आठवण येते. तो रडला, मग झाडाखाली पडलेली पानं वेचायला गेला. त्याची आई मला म्हणाली, घरी आम्ही सगळे देवबाप्पाकडे गेली, तारा झाली म्हणत होतो आणि तो रोज रात्री गच्चीवर जायचा हट्ट करत होता. तो हट्ट थांबला. कुठल्या प्रश्नाला कागद फिरवायचा आणि कुठल्या प्रश्नाला नाही, ही पारख तुम्हाला कुठल्या प्रयोगशाळेत आली माहीत नाही, पण मला ती तुमच्या अंगणात पाहायला मिळाली.

जूनअखेरीस शाळा उघडते आहे. नवी पोरं येतील, रडतील, मग विचारायला लागतील. टबाला तडा गेलाय, तो आम्ही बदलतो, तुम्ही खर्च करायचा नाही. मोठं भिंग तेवढं पुसून ठेवा. जुन्यांपैकी काही जण रस्त्यात भेटले आणि विचारत होते की पाल भिंतीवरून पडत काहून नाही. मला थोडंफार ठाऊक आहे, सांगितलेलं नाही. रात्री ट्यूबलाइटशेजारी खिडकीच्या काचेवर पाल आली की आतून तिचे पंजे पाहायचे आणि बोटं मोजून यायचं, असं ठरवून टाकलंय. त्यातल्या दोघांच्या आया पालीला भयंकर घाबरतात, त्यांनी मला फोन करून चांगलंच फैलावर घेतलंय. त्यांची समजूत तुम्ही काढायची.

तुमची,
बालवाडीतली ताई