कान वाहणाऱ्या मुलांचा पू आधी तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

हडपसरच्या एका खासगी लॅबमध्ये मी बारा वर्षे कल्चरच्या प्लेटा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवायच्या बशा, वाचते आहे. पावसाळा लागला की लहान मुलांच्या कानांचे स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेले पुवाचे नमुने, वाढतात. सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘कान वाहतो, औषधाने फरक नाही.’ तो फरक का पडत नाही, हे सांगायला हे पत्र.

पू दिसायला सारखाच असतो. प्लेटवर मात्र ज्याचा त्याचा स्वभाव उघडा पडतो. पहिला जिवाणू न्यूमोकोकस. त्याच्या कॉलनीला, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या ठिपक्याला, मधोमध खळगा पडतो, कारण हा जिवाणू वाढून झाला की स्वतःलाच विरघळवून टाकतो. त्या विरघळण्यात जे विष सुटते, ते आतल्या कानापर्यंत पोचले तर ऐकण्याच्या नाजूक पेशींना इजा करते. दुसरा मोराक्सेला. त्याची कॉलनी लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, ढकलली की कॅरमच्या सोंगटीसारखी अख्खी सरकते. साधे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोडणारे एन्झाइम जवळजवळ प्रत्येक मोराक्सेलाकडे असते, आणि त्याच्या आडोशाने शेजारचा न्यूमोकोकसही वाचतो. तिसरा हीमोफिलस. कानात सापडणाऱ्या हीमोफिलसला बहुधा कवच, म्हणजे जिवाणूभोवतीचे आवरण, नसतेच. बाळांना दिली जाणारी हीमोफिलसची ‘हिब’ लस ‘बी’ प्रकारच्या कवचाविरुद्ध आहे, ती इथे लागू पडत नाही. “सगळी इंजेक्शनं वेळेवर दिलीत हो,” असे सांगणाऱ्या आईचे काहीच चुकलेले नसते.

हे तिघेही धडधाकट मुलांच्या नाकाघशात गुपचूप राहतात. सर्दी झाली की नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे जिवाणू सहज वर चढतात. आत गेल्यावर ते नदीतल्या दगडावरच्या शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतात. थराखाली औषध नीट पोचत नाही. गोळ्या सुरू असेपर्यंत कान सुकतो, थांबल्या की पुन्हा वाहतो.

माझ्या भाच्याचे असेच झाले. तीन वेळा अँटिबायोटिक, दर वेळी वेगळे, आणि पू एकदाही तपासला नाही. आजी मायेने कोमट तेल घालत राहिली. बालवाडीच्या बाईंनी “हा हाकेला ओ देत नाही” म्हटले, तेव्हा कुठे ऐकण्याची तपासणी झाली.

महोदय, जी चिठ्ठी मला सर्वांत अस्वस्थ करते ती ‘वाढ नाही’ या शेऱ्याची. स्वॅब सकाळी घेतला आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून राहिला, तर न्यूमोकोकस वाटेतच मरतो. अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तरी प्लेट कोरी निघते. मग सगळ्यांना वाटते की जिवाणू नव्हताच.

न्यूमोकोकसच्या कवचाचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. आपल्या पुण्यात बनणारी लस त्यांतल्या 10 प्रकारांपासून वाचवते. 2021 पासून न्यूमोकोकसची लस देशभर मोफत मिळते, आणि ती प्रत्येक बाळाला मिळालीच पाहिजे. पण लशीतले प्रकार मागे हटले की उरलेले प्रकार आणि हीमोफिलस रिकामी जागा घेतात, हे इतर देशांत दिसले आहे. म्हणून कानात कोण आहे ते सतत पाहत राहावे लागते.

दुखणाऱ्या प्रत्येक कानाचा स्वॅब घ्या, असे मी म्हणत नाही. पडदा फुटून पू येत असेल, तर औषध देण्याआधी कानाचा बाहेरचा भाग पुसून स्वॅब घ्यावा, तो दुपारच्या आत लॅबमध्ये पोचावा, आणि पालिकेच्या दवाखान्यांत हे मोफत व्हावे. निकालांची शहरभराची एक नोंदवही असावी. अंगणवाड्यांत मुले तपासायला जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांच्या यादीत कानाचा दाह आहेच, त्यांनाही स्वॅबच्या नळ्या द्या.

प्लेटा वाचायला माणसे कमी पडत असतील, तर रविवारी मी येईन.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन, हडपसर, पुणे