पंचामृताची तयारी

।। श्री वीतरागाय नमः ।।

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

चैत्र शुद्ध त्रयोदशीला बस्तीतल्या, म्हणजे आपल्या जैन मंदिरातल्या, महावीर भगवंतांच्या जन्मकल्याणकाच्या (जन्मोत्सवाच्या) पंचामृत अभिषेकाची तयारी यंदा तू अंगावर घेतलीस. पाठ आणि क्रम बस्तीचे पुजारी, उपाध्ये, सांभाळतील. घोळ होतो तो आधीच, ओट्यापाशी.

पहाटेच हंडे भरून ठेवू नकोस. जाड फडकं दुहेरी करून गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटांची; लवंगेची पूड घातली तर 6 तास चालतं. गाळून झालं की फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओत आणि ते ज्या विहिरीचं, तिथंच हलक्या हातानं सोड.

एका नारळातून वाटीभरही पाणी निघत नाही. लिटराला दहा-बारा धर. प्रत्येक नारळ आधी वेगळ्या वाटीत फोड. एक कुजका निघाला की अख्खं पातेलं वाया.

उसाच्या रसात सगळ्यात जास्त चुका होतात. रसवंतीवाला सवयीनं लिंबू, आलं, बर्फ घालतो, आणि आलं आपल्याला वर्ज्य. (पाळण्यानंतरच्या सुंठवड्यात सुंठ चालते, ती वाळलेली म्हणून.) चरक समोर धुवून घे, नुसता ऊस घालायला सांग, अभिषेकाच्या अर्धा तास आधीच आण. रस ठेवला की काळवंडतो, उन्हाळ्यात लगेच आंबतो.

दूध गंगावेशीतल्या कट्ट्यावरून घेणार असशील तर धार काढताना समोर उभा राहा. 48 मिनिटांत गाळून तापलं पाहिजे. म्हशीच्या दुधावर साय जाड येते, म्हणून निवल्यावर परत गाळ, नाहीतर मूर्तीच्या मुखावर चिकटते. दही घुसळून, पाणी घालून पातळ कर. गुठळ्या राहिल्या की गंधोदकाची, म्हणजे मूर्तीवरून ओघळणाऱ्या अभिषेकाच्या पाण्याची, वाट तुंबते.

तूप वाटीभर पुरे. कोमट असू दे, सकाळच्या गार पाषाणावर ते थिजतं आणि गार पाण्यानं निघत नाही. शेवटी कोमट पाण्याचा एक कलश राखून ठेव.

पंचधातूची मूर्ती असेल तर पुसताना घाई नको. कानामागं, काखेत आणि पीठावरच्या सिंहाच्या लांछनाच्या (ओळखचिन्हाच्या) खाचांत दही राहतं, आठ दिवसांत तिथं हिरवट डाग धरतो. मऊ सुती कापडाचे चार कोरे तुकडे लागतील. ते मी धुवून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेत.

जय जिनेंद्र.

तुझे बाबा
कोल्हापूर